पाच हजारी

धामणगाव म्हटलं की नव्वद टक्के लोक विचारतात, "म्हणजे ते रेल्वेवालं ना?" नाही. ते धामणगाव रेल्वे, अमरावती जिल्ह्यातलं. आपलं धामणगाव बढे बुलढाणा जिल्ह्यातलं, मोताळा तालुक्यातलं. बुलढाण्याचे लोक जिल्ह्याची वाटणी दोनच शब्दांत करतात, घाटावरचे आणि घाटाखालचे. हे गाव घाटाखालचं. आणि आजचा विषय (ऑफिसात आपली खरी किंमत किती आणि ती कोण ठरवतं) या गावापासून सुरू करायचं कारण म्हणजे याच तालुक्यात रोहिणखेड आहे.

आज रोहिणखेडला कुणी मुद्दाम जात नाही. १५८२ साली खुदावंद खानानं बांधलेली एक देखणी मशीद तिथं आहे, बास. पण साडेचारशे वर्षांपूर्वी बऱ्हाणपूरहून दौलताबादकडे जायचं तर वाटेत रोहिणखेडचा घाट लागायचा. त्यामुळे खानदेश, वऱ्हाड, अहमदनगर, दिल्ली, ज्याला म्हणून दख्खनमध्ये शिरायचं त्याचं सैन्य इथून वर चढायचं. आणि सैन्य म्हणजे काय हो? पगारी माणसं.

१५९०-९१ च्या सुमारास इथं एक मोठी लढाई झाली. एका बाजूला निजामशाहीचा सर्वेसर्वा जमाल खान आणि त्यानं गादीवर बसवलेला पोरगा इस्माईल. दुसऱ्या बाजूला त्या पोराचा बाप बुऱ्हाण निजामशहा आणि त्याच्या मदतीला खानदेशचा राजा अली खान. बाप विरुद्ध मुलगा, तेही मुलाला काही कळायच्या आत. जमाल खान गोळी लागून पडला आणि प्रश्न मिटला. पण मला यातली रंजक गोष्ट लढाईच्या आधीची वाटते. वऱ्हाडातले सरदार लढाईच्या आधीच आपापली पथकं घेऊन बुऱ्हाणकडे गेले होते.

आपण शाळेत याला 'फितुरी' शिकलो. पण त्या काळच्या माणसाला हा शब्द इतक्या सहज सुचला नसता. सरदार आपलं पथक घेऊन नोकरी करायचा. घोडे त्याचे, माणसं त्याची, बहुतेक भाऊबंदच. मालक बदलला की पूर्ण टीम बदलायची. आजही एखादा डिलिव्हरी मॅनेजर कंपनी सोडतो आणि तीन महिन्यांत त्याच्या मागोमाग बारा जण जातात, तसंच हे. फक्त तिथं नोटीस पिरियड नव्हता आणि एक्झिट इंटरव्ह्यू कधीकधी तलवारीनं व्हायचा.

या धंद्यातली खालची पायरी समजून घेतली की वरचं सगळं सोपं होतं. घोडेस्वारांत दोन जाती. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा मालकाचा किंवा सरकारचा, त्याला नुसता स्वतःच्या कामाचा पगार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यार स्वतःचं. त्यामुळे त्याची बोली वेगळी, आणि महत्त्वाचं म्हणजे तो उठून जाऊ शकायचा. घोडा मेला तर मात्र त्याचा तोच जबाबदार. लढाईत मेलेल्या घोड्यानं किती शिलेदार बारगीर झाले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आपल्या क्षेत्रात घोडा कुणाचा, हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघण्यासारखा आहे. मला येतं ते मला येतं, की या कंपनीची ती अंतर्गत टूल्स आहेत म्हणून येतं?

माणसाच्या किमतीचा विषय निघालाच आहे, तर ज्याची किंमत अक्षरशः बाजारात ठरली होती अशा माणसाबद्दल बोललंच पाहिजे. मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, मूळ नाव चापू. पीटर व्हान डेन ब्रुक नावाचा एक डच व्यापारी त्याला पुढे भेटला, त्यानं लिहून ठेवलंय की मोख्याच्या बाजारात हा पोरगा ऐंशी गिल्डरला विकला गेला होता. फिरत फिरत तो निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याच्याकडे आला. हा चंगेज खान स्वतःही हबशी, एके काळचा गुलाम. तो मेल्यावर अंबर मोकळा झाला, विजापुरात नोकरीला लागला, 'मलिक' ही पदवी तिथलीच. १५९५ च्या सुमारास दीडशे घोडेस्वार घेऊन परत निजामशाहीत. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर बुडालेली निजामशाही या माणसानं पुढची पंचवीस वर्षं चालवून दाखवली.

त्याचं खरं अप्रेझल मात्र त्याच्या शत्रूनं केलं. जहांगीर बादशहा त्याचा इतका राग करायचा की स्वतःचं एक चित्र त्यानं काढून घेतलं. बादशहा धनुष्य ताणून उभा आणि समोर भाल्यावर अंबरचं मुंडकं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही, अंबर १६२६ साली म्हातारा होऊन मेला. आणि तेव्हा मोगलांच्याच एका इतिहासकारानं, मुतमद खानानं, त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनापासून तारीफ लिहून ठेवली. ऐंशी गिल्डर!

आता मोगल. यांनी हा सगळा मामला आकड्यात बसवला. अकबरानं मनसबदारी सुरू केली, म्हणजे प्रत्येक नोकरदाराला एक आकडा. पुढे त्या आकड्याचे दोन भाग झाले. 'जात' म्हणजे तुमचा स्वतःचा हुद्दा आणि त्याचा पगार, 'सवार' म्हणजे तुम्ही किती घोडेस्वार ठेवायचे तो आकडा, त्याचे पैसे वेगळे. पाच हजारी म्हटलं की दरबारात कुठं उभं राहायचं, कुणाच्या पुढं आणि कुणाच्या मागं, सगळं ठरलं. ग्रेड, बँड, लेव्हल... आपल्या एचआरवाल्यांना वाटतं हे त्यांनीच शोधलं.

लोक पण तेच. पाचशे स्वारांचे पैसे घ्यायचे आणि दोनशे ठेवायचे. तपासणीला दुसऱ्याचे घोडे उसने आणून उभे करायचे. म्हणून मग घोड्याला डाग द्यायची पद्धत आली आणि स्वाराचं वर्णन लिहायची, त्याला 'चेहरा' म्हणत. तरीही चोरी थांबली नाही. शाहजहानच्या काळात तर सरकारनंच मान्य केलं की जहागीर त्याच सुभ्यात असेल तर आकड्याच्या एक तृतीयांश स्वार ठेवा, बाहेरच्या सुभ्यात नेमणूक असेल तर एक चतुर्थांश. बेंचवरची माणसं क्लायंटच्या बिलात दाखवणं वगैरे प्रकार ज्यांनी पाहिलेत त्यांना जास्त सांगायला नको.

पण माझा आवडता भाग पुढचा. पगार रोखीत क्वचितच मिळायचा. मिळायची जहागीर, म्हणजे अमुक परगण्याचा महसूल गोळा करा आणि तो तुमचा पगार समजा. त्या परगण्याचा कागदावरचा आकडा म्हणजे 'जमा', प्रत्यक्ष हाती येणारा 'हासिल'. आणि दख्खनमध्ये या दोन आकड्यांत इतकं अंतर असायचं की शाहजहानच्या काळात जहागिरी चक्क महिन्यांत मोजायला लागले. अमकी जहागीर आठमाही, तमकी सहामाही, दख्खनमधल्या पुष्कळशा चारमाही. म्हणजे कागदावर बारा महिन्यांचा पगार, हातात चार महिन्यांचा. सीटीसी आणि इन-हँड यातला फरक आपल्या पिढीला ऑफर लेटर उघडल्यावर कळला, वऱ्हाडात तो चारशे वर्षांपूर्वीपासून माहीत होता. आणि उरलेले महिने भरून काढायला जहागीरदार कुणाच्या मानगुटीवर बसायचा? घाटाखालच्या काळ्या मातीत राबणाऱ्या कुणब्याच्या. त्याला मनसब नव्हती, त्यामुळे त्याची किंमत कुठल्या यादीत नाही. हे विसरून या सरदारांच्या गोष्टी नुसत्या 'करिअर' म्हणून वाचल्या तर त्या फार गोड लागतात.

असो. आता घाटावर येऊ. सिंदखेड राजा, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. इथले लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले बडे सरदार. जिजाबाईंचे वडील. त्यांच्या पदरी वेरूळचे मालोजी भोसले नोकरीला होते असं बखरी सांगतात. आणि मग ती रंगपंचमीची गोष्ट. लहानग्या शहाजी-जिजाऊंना एकमेकांवर रंग उडवताना बघून लखुजीराव गमतीनं म्हणाले, जोडा काय छान दिसतो. मालोजींनी लगेच भर बैठकीत सांगून टाकलं, ऐकलंत ना सगळ्यांनी, आजपासून आपण व्याही. घरातून विरोध झाला. आपल्या पदरच्या शिलेदाराला मुलगी द्यायची? मालोजींनी नोकरी सोडली, पुढं निजामशहाकडून पाच हजारी मिळवली, पुणे-सुप्याची जहागीर मिळवली आणि मग लग्न झालं.

गोष्ट अगदी अशीच घडली का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे आणि ती रास्त आहे. पण बखरकारांना ती अशी सांगावीशी वाटली, आणि ऐकणाऱ्यांना पटली, हे माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. माणूस तोच, मुलगा तोच. फक्त आकडा बदलला आणि नकाराचा होकार झाला. विवाहसंस्थांच्या वेबसाइटवर 'वार्षिक उत्पन्न' हा रकाना भरलेल्या कुणालाही ही गोष्ट जुनी वाटणार नाही :-)

लखुजीरावांची स्वतःची कथा मात्र गोड नाही. मलिक अंबरचा जोर वाढला तसे निजामशाहीतले काही सरदार मोगलांकडे वळले. जहांगीरच्या आत्मचरित्रात, बाळापुरात शाहनवाज खानाकडे दाखल झालेल्या दख्खनी सरदारांत 'जादू राय' हे नाव येतं, ते लखुजीरावच असं मानतात. लगेच १६१६ च्या सुरुवातीला जालन्याजवळ रोषणगावला अंबरचा पराभव झाला. पुढे १६२१ च्या सुमारास लखुजीरावांना आणि त्यांच्या घराण्याला मिळून मोगलांनी दिलेली मनसब होती चोवीस हजार जात आणि पंधरा हजार सवार. मोगलांनी हा आकडा दिला कारण जाधव आपल्याकडे येणं म्हणजे ते अंबरकडे नसणं, हे त्यांना पक्कं कळत होतं. बाजारात किंमत अशीच ठरते. तुम्ही काय करता यापेक्षा तुम्ही समोरच्याकडे गेलात तर काय होईल यावर.

१६२४ साली भातवडीला लढाई झाली, अहमदनगरजवळ. त्यात सासरे मोगलांकडून आणि जावई शहाजीराजे निजामशाहीकडून. अंबर जिंकला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले. इतकं होऊन पुढच्याच वर्षी शहाजीराजे निजामशाही सोडून विजापूरला गेलेले दिसतात, कारण जिंकून दिलेल्या लढाईनंतर जो मान मिळायला हवा होता तो मिळाला नाही. हे वाचताना मला आमच्या एका प्रोजेक्टची आठवण होते. गो-लाइव्ह यशस्वी झालं, केक कापला, मेल फिरला, आणि सहा महिन्यांत ज्यांनी रात्री जागून काढल्या होत्या ते चौघं निघून गेले. सिस्टिम पडली असती तर कदाचित ते राहिले असते. यशानंतरचं दुर्लक्ष जास्त लागतं.

विजापूरनं शहाजीराजांना 'सरलष्कर' ही पदवी दिली. अंबर मेला, मग विजापूरचा इब्राहिम आदिलशहा मेला, आणि शहाजीराजे निजामशाहीत परत आले. लखुजीरावही मोगलांकडून परत आले. का आले? जुनं घर, जुनी ओळख, नव्या मालकाकडं असलेलं उपरेपण, काहीही असेल. पण एकदा सोडून गेलेला माणूस परत आला की त्याच्याकडं दोन नजरांनी बघितलं जातं. कामाचा आहे, आणि पुन्हा जाईल. निजामशहाला दुसरी नजर जास्त पटली. २५ जुलै १६२९ ला दौलताबादच्या दरबारात लखुजीराव मुजऱ्याला गेले. निजामशहा अचानक उठून आत गेला आणि दबा धरून बसलेली माणसं बाहेर आली. लखुजीराव, त्यांचे मुलगे अचलोजी आणि रघुजी, नातू यशवंतराव, सगळे तिथंच मारले गेले. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा सात महिने अवकाश होता.

चोवीस हजारांचा आकडा त्या दिवशी काही कामाला आला नाही. आकडा मोगलांचा होता, तो मागे ठेवून ते आले होते. कामाला आलं ते सिंदखेड. तिथली देशमुखी हे जाधवांचं वतन. मनसब बादशहा देतो, बादशहा काढतो, जहागीर तर तीन-चार वर्षांनी बदलायचीच. वतन मात्र पिढ्यान्‌पिढ्या घरातलं, ते कुठल्या एका मालकाच्या मर्जीवर नाही. (पूर्णपणे नाही, असं म्हणू. सत्ता फारच बिनसली तर वतनही जप्त व्हायचं.) हत्याकांडानंतर घरातली उरलेली माणसं सिंदखेडला जमली, सावरली आणि तिथून मोगलांशी पुन्हा बोलणी करून नोकरीला लागली. उभं राहायला आपली जागा होती म्हणून बोलता आलं. लखुजीरावांची समाधी आज सिंदखेड राजाला आहे. ती एकदा जाऊन बघा, फोटोत तिच्या आकाराचा अंदाज येत नाही.

शहाजीराजांनी सासऱ्यांच्या खुनानंतर निजामशाही सोडली. १६३० च्या अखेरीस मोगलांकडे गेले, पाच हजारी झाले. दोन वर्षं टिकले. त्यांना दिलेल्या मुलखापैकी काही भाग काढून मोगलांनी तो फत्तेखानाला, म्हणजे मलिक अंबरच्या मुलाला, परत दिला, कारण तेव्हा त्याला खूश करणं सोयीचं होतं. १६३२ साली शहाजीराजांनी मोगलांना रामराम ठोकला. मग १६३३ ला पेमगिरीवर एका लहान मुलाला निजामशहा करून तीन वर्षं स्वतःच राज्य चालवलं. नोकरीतून बाहेर पडून स्टार्टअप काढण्याचा हा आपल्याकडचा जुना दाखला. १६३६ ला माहुलीवर तो संपला, समोर मोगल आणि आदिलशाही दोन्ही एकत्र होते. पुढची जवळजवळ तीस वर्षं विजापूरची नोकरी, कर्नाटक, बंगळूर. मधे १६४८ ला जिंजीजवळ अटकही झाली, वर्षभरानं सुटका.

१६५६ साली महंमद आदिलशहा वारला आणि अली गादीवर आला. त्यानंतरचं शहाजीराजांचं त्याला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. मला ते मराठी माणसानं लिहिलेल्या सर्वोत्तम 'अप्रेझल' पत्रांपैकी एक वाटतं. मजकूर थोडक्यात असा. मी आजवर अनेक बादशहांची चाकरी केली, पण अपमान सोसून कधी केली नाही आणि यापुढंही करणार नाही. माझ्याकडून काढून घेतलेलं परत मिळावं, नाहीतर मी माझा मार्ग धरतो. वय साठीच्या घरात. आक्रस्ताळेपणा नाही, केलेल्या कामाची लांबलचक यादी नाही. काय हवंय ते स्पष्ट, आणि नाही मिळालं तर काय करणार तेही स्पष्ट. हे लिहायला जोर कुठून येतो? मुलूख हातात होता, फौज स्वतःची होती, आणि याआधी चार वेळा खरोखर सोडून दाखवलेलं होतं. ज्यानं कधीच सोडलं नाही त्याची धमकी धमकी वाटत नाही.

त्यांच्या मुलाची गोष्ट तर सगळ्यांनाच माहीत आहे. १२ मे १६६६, आग्रा. औरंगजेबाचा पन्नासावा चांद्र वाढदिवस, आणि शिवाजी महाराजांना उभं केलं पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत. आपण 'दरबारात अपमान' म्हणून ही गोष्ट ऐकतो, पण हिशेबही बघा. आठ-नऊ वर्षांच्या संभाजीराजांना आधीच पाच हजारी मिळालेली. महाराजांचा सरनोबत नेताजी पालकर, ज्याला पन्हाळ्याच्या मोहिमेत वेळेवर पोचला नाही म्हणून महाराजांनी काढलं होतं, त्याला मिर्झाराजे जयसिंगानं दोन महिन्यांपूर्वीच पाच हजारी देऊन ओढलं होतं. म्हणजे मुलगा, काढलेला नोकर आणि स्वतः राजा, तिघं एकाच रांगेत! महाराजांनी हेच बोलून दाखवलं असं सांगतात. सिस्टिमकडे त्यांच्यासाठी दुसरा रकानाच नव्हता. ती फक्त नोकरांची प्रतवारी करू शकत होती.

ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. पण मला जास्त कुतूहल आहे ते त्यांनी स्वतःच्या घरात काय केलं याचं. कृष्णाजी अनंत सभासदानं आकडे दिलेत. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी, पाच हजाऱ्यांचा पंचहजारी. जुमलेदाराला पाचशे होन, हजारीला हजार होन, आणि पंचहजारीला? दोन हजार. माणसं पाचपट, पगार दुप्पट. मोगलांकडं माणसं वाढतील तसा सरदार फुगत जायचा, इथं तसं नाही. शिवाय पगार नेमून दिलेला, मुलूख तोडून देणं नाही, आणि प्रत्येक जुमल्याला हिशेब बघायला वेगळा मजुमदार. शिलेदार होते, पण त्यांना पागेच्या हुकमात ठेवलं. म्हणजे घोडा स्वतःचा असला तरी मिजास चालणार नाही. मालक म्हणून हे हुशारीचं धोरण होतं. शिलेदार म्हणून मला ते आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आणि नेताजी. महाराज आग्र्याहून सुटल्याबरोबर औरंगजेबानं त्याला कैद करायला लावलं. पाच हजारी असूनसुद्धा. तो काही महिन्यांपूर्वी कुणाच्या विरुद्ध उपयोगी पडेल म्हणून विकत घेतलेला माणूस होता, आता तो नुसता संशयित होता. त्याला मुसलमान केलं, महंमद कुली खान नाव दिलं आणि काबूलकडच्या फौजेत धाडलं. पळून यायचा प्रयत्न केला, पकडला गेला. दहा वर्षांनी, जून १६७६ मध्ये, तो रायगडावर परत आला. महाराजांनी त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा धर्मात आणि स्वराज्यात घेतलं.